लिंबाच्या वासाचं मेण

मोतीरामच्या ओठाले पहिला फोड आला त्या दिवशी मे महिन्याची चौदा तारीख होती, अन् अमरावतीच्या पोलीस ब्यांडाची परीक्षा होती पाच जूनले. साल एकसष्ट. तारखा मले तोंडपाठ आहेत, कारण त्या बावीस दिवसात माह्या नरड्याखाली एक घास धड उतरला नाही.

मोतीराम माहा धाकटा भाऊ. आमचे माय-बाप पातूरले लवकर वारले, त्याले मीच वाढवला. म्हणून तो मले बाई म्हणते अन् मायसंग भांडावं तसा भांडते. अकोल्यात लग्नाच्या ब्यांडात तो कार्नेट, म्हणजे पितळेची आखूड तुतारी, वाजवे. तुमी म्हणसान, त्यात काय, फुंकलं का वाजलं. ना बाप्पा! फुंकर पोटातून येते, पण सूर ओठात राह्यते. ओठ फुटले का त्याच्यावर कार्नेटच्या तोंडाची पितळी वाटी टेकवता येत नाही, अन् वाटी टेकली नाही तं सूर निघत नाही. पोलीस ब्यांडात भरती व्हाले उमर पंचवीसच्या आत पाह्यजे, अन् हा पोट्टा जुलैत पंचवीसचा होणार होता. म्हणजे यंदा नाही तं कधीच नाही. वर्दी, नोकरी, पेन्शन, सगळं त्या दोन ओठावर टांगलेलं.

आता माहा धंदा. सुकं कुंकू कपाळाले आपोआप चिकटत नाही. आधी मेणाचं बोट लावा लागते, मंग त्याच्यावर कुंकू दाबा लागते. ते मेण मी घरी कराची. माह्या नवऱ्याची, नत्थुजीची, पातूरले लिंबाची बाग आहे. बाजारात खपत नाहीत ते डागाळलेले लिंबं तो घरी आणे. त्याइची हिरवी साल मी आंगणात बसून किसाची, खोबरेल तेलात दोन दिवस मुरवाची, गाळाची, अन् त्या तेलात मधाच्या पोळ्याचं मेण वितळवून पत्र्याच्या डब्यात ओताची. असा वास सुटे का बायका डबी उघडल्याबरोबर हसत. जुन्या शहरात पार्वताबाईच्या मेणापुढं दुसरं नाव कोणी घेत नव्हतं. मी फुशारकी मारून नाही राहिली, होतं ते सांगून राहिली.

त्या साली उन्हानं कहर केला होता. ब्यांडातल्या सगळ्याइच्या ओठाचे सालटे निघून राहिले होते. कोणी तूप लावे, कोणी नुसतीच थुंकी. परीक्षेचा कागद आला तशी माही झोप उडाली. मी मोतीरामसाठी खास डबी केली, अन् तिच्यात लिंबाची साल दुप्पट घातली. लिंबू थंड, लिंबू गुणाचं, मंग जास्त लिंबू म्हणजे जास्त गुण. एवढं साधं माहं डोकं.

त्याच आठवड्यात धर्मपाल एक डबी घेऊन आला. धर्मपाल म्हणजे मोतीरामचा शाळेतला जोडीदार, आता एका डाक्टराच्या दवाखान्यात कंपाउंडर. छप्पन्न साली त्याच्या घरचे सगळे नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आले, तवापासून तो धर्माचा धर्मपाल झाला. पोरगा शिकलेला, बोले कमी. त्यानं ओट्यावर डबी ठेवून झाकण उघडलं. आत पांढराफेक लेप.

“हे काय, चुना?” मी म्हणलं.

“मोतीच्या ओठासाठी केलं. उन्हात जायाच्या आधी लावाचं.”

“माही डबी आहे न त्याच्यापाशी.”

“दाखवा बरं.”

मी माही डबी त्याच्या डबीशेजारी आपटली. त्यानं उचलून वास घेतला, बोटावर थोडं चोळून पाह्यलं.

“काय काय आहे याच्यात?”

“पोळ्याचं मेण. खोबरेल. चिमूटभर कापूर. अन् लिंबाच्या सालीचं तेल, दुप्पट. तुह्यात काय?”

“मेणच, पण धुतलेलं. व्हॅसलीन, थोडं एरंडेल. अन् जस्ताची पांढरी भुकटी. आमी झिंक म्हणतो.”

“वासाले?”

“काही नाही.”

“थंडाव्याले?”

“काही नाही.”

“मंग आहे काय त्याच्यात, तुहं डोस्कं?”

तो हसला नाही. समजावून सांगाले लागला, दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाले सांगतात तसं हळू. “पार्वताबाई, तुमचं मेण ओठ मऊ करते. चांगलंच आहे. पण ऊन त्याच्यातून आरपार जाते. ही भुकटी उन्हाले अडवते. ओठाले सावली करते.”

“अरे वा! घाल मंग ओठाले मांडव, अन् दारात केळीचे खांब लाव!”

“अन् लिंबू काहून घालता? फाटल्या ओठाले झोंबन ते.”

“आठ वर्सं झाले मेण करून राहिली मी. कोणाले झोंबलं नाही. तू मले मेण शिकवतं का रे?”

तो उठला. जाता जाता एवढंच म्हणला, “परीक्षा होईपर्यंत तरी मोतीले लावाले सांगा.” संध्याकाळी मोतीराम घरी आला अन् त्यानं दोन्ही डब्या खिशात टाकल्या. जोडीदाराचं मन कशाले मोडा, म्हणे.

तेरा तारखेले एका वकिलाच्या घरची वरात होती, भर दुपारची. मोतीरामनं जाताना धर्मपालचा लेप लावला. ब्यांडातल्या पोट्ट्याइनं त्याले पाह्यलं अन् सुरू झाले. “अबे, सर्कशीतला जोकर आला रे! ओठ दह्यात बुडवले का?” यानं बाहीनं लेप पुसला अन् वरून माहं मेण फासलं. मंग तीन घंटे उन्हात वाजवलं. दुसऱ्या दिवशी झोपेतून उठला तं खालच्या ओठावर फोडच फोड.

“काय लावलं होतं?” मी विचारलं.

“आधी धर्मपालचं पांढरं. मंग…”

मंग काय ते मले तेव्हा आयकाचंच नव्हतं, जोकर म्हणल्याचं त्यानं नंतर सांगतलं. मी त्याच्या खिशातून पांढरी डबी काढली अन् तशीच दवाखान्यावर गेली. खिडकीसमोर चाळीसेक माणसं हातात रिकाम्या बाटल्या घेऊन उभे होते. खिडकीत धर्मपाल औषध मोजून राहिला होता.

“भावाचा ओठ जाळला न रे माह्या!” मी वरडली. “वीस दिवसावर परीक्षा आहे त्याची! मुद्दाम केलं का? सोबतचा पोट्टा साहेब होते हे पाहवलं नाही तुले?”

“पार्वताबाई, आत या. पाहू आपण काय झालं ते.”

“आत कशाले येऊ? लोकाइले आयकू दे! याच्या हातचं औषध घेऊ नका रे कोणी!” अन् मी ती डबी सगळ्याइसमोर नालीत फेकली.

रांगेतून कोणीतरी म्हणलं, “त्या लोकाइच्या हातचं घेतलंच काहून तुमी?” ते आयकून मले बरं वाटलं. आज लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं, हे लपवून काय करू. मी काही पुरावा देला नव्हता. तरी लोकाइनं लगेच मानलं, अन् काहून मानलं तेही मले चांगलं माहीत होतं.

घरी आली अन् मोतीरामच्या ओठाले दिवसातून तीन-तीनदा माहं मेण लावाले लागली. ब्यांडातून त्यानं रजा घेतली होती, पण लिंबाच्या पेट्या सायकलवर बाजारात पोचवाले जाये. जाताना मी दारातच थांबवाची, “थांब रे, मेण लावून जाय.” फोड फुटले, खाली लाल मांस दिसाले लागलं, मंग काळी खपली धरली, ती फाटली, अन् पुन्हा फोड. वीस तारखेले त्यानं कार्नेट तोंडाले लावून पाह्यली. एक सूरही निघाला नाही, वाटीले रक्त लागलं तेवढं. त्यानं ती पुसली, पेटीत ठेवली अन् भिंतीकडं तोंड करून बसला.

“बाई, आता जमत नाही.”

“काहून जमत नाही? पंधरा दिवस आहेत अजून! इकडं तोंड कर, मेण लावू दे.”

रागानं बोलली खरी, पण स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडली. याची नोकरी गेली तं हा जलमभर दुसऱ्याच्या वरातीपुढं घाम गाळत चालन, अन् ओठ असेच राह्यले तं तेही नाही.

बावीस तारखेले चतुराबाई आली. आमच्याच गल्लीत राह्यते, माही जुनी गिऱ्हाईक. तिनं माही डबी माह्यापुढं ठेवली.

“घे तुही डबी. मले नाही पाह्यजे.”

“काहून वं?”

तिनं कपाळ पुढं केलं. “पाह्य. कुंकवाभोवती काळी कड आली. मधात नाही, कडेलेच. दोन वर्सं झाले, जातच नाही.”

“तुह्या आंगातच उष्णता आहे, चतुराबाई. ताक पेत जाय.”

“माह्या एकटीच्या आंगात? भागीरथाले आहे, दुर्गाले आहे. ज्या ज्या तुहं मेण लावतात त्या साऱ्याइले आहे. अवं, तुले सोताले आहे! कधी आरशात पाह्यतं का नाही?” अन् पाय आपटत गेली.

मी दार लावलं. आंघोळीच्या आधी बाई कुंकू पुसते, तसं पुसलं, अन् आरसा उजेडात धरला. मधातली कातडी साफ होती. भोवती काळं कडं. आठ वर्सं मी ते कडं रोज पाहून राहिली होती. कुंकवाची खूण म्हणून सोडून देलं होतं, पाह्यलंच नव्हतं.

मंग हात पाह्यले. बोटापासून कोपरापर्यंत तपकिरी ओघळ. उन्हाळ्यात आंगणात साल किसली का तेल मनगटावरून वाहते, अन् दरसाल हे डाग येतात. पातूरले बागेतल्या साऱ्याच बायाइचे हात असे. लिंबाचे डाग म्हणतो आमी त्याले, अन् पुढं काही विचारत नाही. पावसाळ्यात घरात बसून किसलं तं एकही डाग येत नाही, हे मले त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं.

पण मी काय इतक्यात हार मानणारी! म्हणलं, पाहून घेऊ.

दुसऱ्या दिवशी मी मोतीरामची ती दुप्पट सालीची डबी घेतली. डाव्या हातावर मेणाचे दोन ठिपके लावले, एक मनगटावर, एक कोपरापाशी. कोपरावरच्या ठिपक्यावर कुंकू दाबलं, कपाळावर दाबतो तसं. मनगटावरचा उघडा ठेवला. अन् अकरापासून एक वाजेपर्यंत आंगणात हात पसरून बसली. शेजारीण कुंपणावरून विचारे, “पार्वताबाई, पापड राखून राहिल्या का?” मी म्हणलं, “हाव.”

संध्याकाळपर्यंत काहीच नाही. मले इतका आनंद झाला का मी शिरा केला. दुसऱ्या दिवशी मनगट लाल. तिसऱ्या दिवशी, पंचवीस तारखेले, मनगटावर पाण्यानं भरलेला फोड होता, मोतीरामच्या ओठावर होता तसाच. कोपरावर जथी कुंकू होतं तथी कातडी जशीच्या तशी. फक्त कडेनं, जथून मेण पाघळून बाहेर आलं होतं, तथी लाल गोल.

मेणातलं लिंबू अन् वरून ऊन, दोघाइची गाठ पडली का कातडी जळते. अन् मधात भुकटी आली तं ऊन आत जातच नाही. धर्मपाल तेच तं सांगून राहिला होता. सावली. अन् मी त्याले मांडव घाल म्हणलं होतं.

दुपारी मी दवाखान्यावर गेली. खिडकीत दुसराच माणूस होता. धर्मपाल मागच्या नळावर बाटल्या धुऊन राहिला होता.

“इथी काहून बसला तू?”

“तुमी बोलून गेल्या तवापासून लोक माह्या हातचं औषध घेत नाहीत. डाक्टरसाहेबानं मागं बसवलं.” तो बाटल्या विसळतच राह्यला.

मी हात पुढं केला. त्यानं मनगट पाह्यलं, कोपर पाह्यलं, अन् बाटली खाली ठेवली.

“कुंकू लावलं होतं इथी?”

“हाव.”

“असं लिंबानं अन् उन्हानं होते, हे मलेही माहीत नव्हतं. मले वाटलं नुसतं झोंबत असन.” माह्या हाताकडं पाहून तो क्षणभर राग विसरला. “तुमी हे सोताच करून पाह्यलं?”

“मले ती पांढरी डबी करून दे, धर्मपाल. पण पांढरी नको. त्याले जोकर म्हणतात म्हणून तो पुसून टाकते. त्याच्यात गेरू घातला तं? ओट्याले सारवाले माह्याकडं आहे. ओठाच्या रंगात मिळून जाईन.”

त्यानं विचार केला. “गेरू म्हणजे लोखंडाची माती. भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून आणा. चालन. भुकटीच आहे, तीही उन्हाले अडवन.”

डबी झाली तेव्हा माह्या हातात देताना तो म्हणला, “मले भरपाई नको, माफी नको. मोतीले खरं सांगा तेवढं. रस्त्यात भेटला तं थुंकून जाते तो.”

“सांगीन न.”

नाही सांगतलं. दहा दिवस होते परीक्षेले, अन् दहाही दिवस मी तोंड मिटून राह्यली. मनाले सांगे, आता त्याले कशाले हलवा, परीक्षा होऊ दे. खरं ते नव्हतं. मले भेव वाटत होतं. त्याले जगात एकाच माणसाच्या हातावर भरवसा होता, अन् त्याच हातानं त्याले जाळलं, हे कोण्या तोंडानं सांगू? लिंबाचं मेण बंद केलं. त्याले उन्हात जाऊ देलं नाही, नुसतं तूप लावलं. रोज सकाळी उठून पहिले त्याचा ओठ पाहाची, देवाचं तोंड नंतर. खपली पडली. दोन जूनले खालून नवी गुलाबी कातडी आली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. धर्मपालचा लेप मी माह्या डबीत भरून त्याले देला अन् सांगतलं, “माहं नवं मेण आहे.”

पाच तारखेले पहाटच्या गाडीनं आमी बडनेऱ्याले उतरून अमरावती गाठली. परीक्षा दोन दिवसाची. पहिल्या दिवशी मैदानात वाजवाचं, त्यातून निवडतील त्याइले दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवाचं अन् डाक्टरी. मैदान म्हणजे उघडा माळ, कडेले एक कडूनिंब. वाजवणाऱ्याइच्या छातीवर नंबर लावले. मोतीरामचा एकोणीस. दहा वाजले होते अन् ऊन आत्ताच डोळ्यात टोचे. एकदा रांगेत लागलं का आपला नंबर येईपर्यंत उन्हातच उभं राहाचं.

मोतीरामनं खिशात हात घातला अन् डबी काढली. जुनी. दुप्पट सालीची.

“ही कुठी सापडली तुले?”

“फळीवर, मागं. नव्या डबीले वास नाही बाई. अन् बोटाले भुकटी लागते, त्या धर्मपालच्या लेपासारखी. आज मले तुह्या हातची वासाचीच लावू दे.” अन् त्यानं झाकण उघडलं. लिंबाचा वास सुटला. बोट आत गेलं.

मी त्याचं मनगट धरलं. “लावू नको.”

“काहून?”

“मी सांगून राहिली न. नवी लाव.”

“पण काहून? बाई, हात सोड, लोक पाहून राहिले.”

तिकडं हवालदार नऊ नंबर पुकारून राहिला होता. मोतीरामचं बोट मेणानं चकचकीत, ओठापासून वीतभर दूर.

“ओठ धर्मपालनं नाही जाळले,” मी म्हणलं. “मी जाळले.”

तो हसला. “मले धीर द्याले काहीही बोलून राहिली तू.”

बोलून त्याले पटणार नव्हतं. मी पदर हाती घेतला अन् भर मैदानात, लोकाइसमोर, कपाळाचं कुंकू पुसलं.

“अवं बाई!” त्यानं माहा हात पकडला, डबी खाली पडली. “डोकं फिरलं का तुहं? नत्थुजी जित्ता आहे न घरी!”

“पाह्य इकडं. नीट पाह्य. मधात कुंकू होतं तथी काही नाही. कडेले मेण पाघळलं तथी काळं झालं. हे हात पाह्य. हा फोडाचा डाग पाह्य, मी सोता उन्हात बसून आणला. माह्या मेणात लिंबू आहे, अन् लिंबावर ऊन पडलं का ते जाळते. तुह्या डबीत तं मी दुप्पट घातलं. धर्मपालची डबी मी नालीत फेकली तेव्हा मले माहीत नव्हतं. पण दहा दिवसापासून माहीत आहे. ती नवी डबी त्यानंच करून देली, अन् मी तुले खोटं बोलली.”

मोतीराम माह्या कपाळाकडं पाहत राह्यला. दहा नंबर पुकारला. त्यानं बोट शर्टाले पुसलं, घासून घासून पुसलं. नवी डबी काढून ओठाले लेप लावला, डबी खिशात टाकली अन् रांगेत जाऊन उभा राह्यला. वळूनही पाह्यलं नाही.

मी निंबाखाली बसली. कुंकवाची पुडी होती माह्यापाशी, पण मेणाशिवाय कुंकू राह्यत नाही, अन् नवी डबी तं त्याच्यासंग गेली. जुनी डबी पायाशी पडली होती, तिले हात लावाची इच्छा झाली नाही. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिनं माह्या उघड्या कपाळाकडं पाह्यलं, जवळ सरकली अन् म्हणली, “एकटीनंच पोसलं का बाई पोराले?” मी मान हलवली. तिनं मले पाणी देलं.

एकोणीस नंबर वाजला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आधी कवायतीची चाल झाली. मंग एकच सूर धराले सांगतला असन, कारण तो सूर निघाला अन् लांबतच गेला. मी मनात मोजून राहिली. कुठी फाटते, कुठी फाटते, असं होऊन राहिलं होतं. फाटला नाही.

दुसऱ्या दिवसासाठी आठ जण ठेवले, त्यात तो होता. आमी धर्मशाळेत उतरलो. त्यानं भाकर खाल्ली, माह्यापुढं पाण्याचा गडवा ठेवला, पण बोलला नाही. माही भीती काही गेली नव्हती. माह्या हातावर फोड आला होता तो लगेच नाही, दिवस गेल्यावर. लेपानं काम केलं का नाही ते सकाळी कळणार होतं.

सकाळी मी उठली तं तो उजेडात बसून कार्नेटच्या पितळी तोंडात आपले ओठ पाहून राहिला होता. खालचा ओठ बोटानं दाबून पाह्ये, पुन्हा पाह्ये. मले बसल्या जागेवरून विचाराची हिंमत होईना.

“बाई,” तो म्हणला, “काहीच नाही झालं.”

मले रडूच फुटलं. धर्मशाळेतले लोक पाहाले लागले, पाहू दे.

त्यानं खिशातून डबी काढून झाकण उघडलं. लेप अर्धाच खरवडला होता. उरलेला अर्धा त्यानं बोटानं सारखा करून ठेवला होता.

“हे तुह्यासाठी ठेवलं. आधी कपाळाले लाव अन् कुंकू लाव. मले असं पाहवत नाही.”

मी लावलं. गेरूच्या लेपावर कुंकू छान बसलं.

सकाळी आठही जणाइनं पुन्हा वाजवलं, दुपारी डाक्टरानं छाती पाह्यली, दात पाह्यले, ओठ उलटवून पाह्यले. तीन वाजता एका साहेबानं चार नावं वाचली. तिसरं मोतीरामचं. मी अशी वरडली का पोलिसानं मले मैदानाबाहेर काढलं.

परतीच्या गाडीत मी हिशेबच करून राहिली होती, किती घरात माह्या डब्या आहेत, चतुराबाईपासून सुरू केलं तं किती कपाळं होतात. मोतीराम खिडकीतून बाहेर पाहत होता. मूर्तिजापूर गेल्यावर त्यानं विचारलं, “धर्मपालले तू कुठी बोलली होती?”

“खिडकीवर. दवाखान्याच्या.”

“लोक किती होते?”

“चाळीसेक.”

“मंग उद्या सकाळी जाऊ. सकाळी तेवढेच राह्यतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग होतीच, बाटल्या घेऊन. मी मोतीरामले सोबत घेऊन पुढं गेली अन् धर्मपालले मागच्या नळावरून बाहेर बोलावलं. तो ओले हात पुसत आला. मी सगळ्याइकडं तोंड करून सुरू झाली. ओठ मी जाळले, माह्या मेणानं जाळले, याची डबी चांगली होती, याच्याच डबीनं माहा भाऊ पोलिसात लागला. हात दाखवला, कपाळ दाखवलं, माहं मेण घरात असन तं आजच फेका म्हणलं. मोतीराम धर्मपालच्या बाजूले जाऊन उभा राह्यला.

धर्मपाल कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. “पार्वताबाई, हळू बोला. डाक्टरसाहेब आत रोगी तपासून राहिले.”

“हळू नाही बोलत!” मी म्हणलं. “त्या दिवशी हळू बोलली होती का मी?”